बारा दिवस पुढे सरकलेली घागर

गेल्या वैशाखात आमच्या घरी एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. मोठ्या आईचा, म्हणजे थोरल्या काकूचा, पहिला स्मृतिदिन आणि त्यालाच जोडून तिच्या पणतीचं नामकरण. मंडप एक, सतरंज्या एक, आचारीही एकच. पत्रिका छापायला गेलेल्या चुलतभावाला छापखान्यातल्या पोरानं विचारलं, "काका, वर काळी चौकट टाकू का पाळणा?" भाऊ म्हणाला, "बुद्धाचा फोटो टाक, दोन्हीकडे चालते."

धरणामुळे झालेल्या पुनर्वसनानंतर शेजारी राहायला आलेल्या एका काकूंनाही नवल वाटलं. "एकाच दिवशी दोन्ही? चालते का हो तुमच्यात?" आम्ही "चालते" म्हणून मोकळे झालो. रात्री मात्र अंगणात खाटा टाकून आम्ही दहा चुलत-आते भावंडं पडलो होतो, तेव्हा आतेबहिणीनं तोच प्रश्न पुन्हा काढला. कधीपासून चालते? हे बसवलं कोणी? मग ज्याला जे आठवत होतं ते त्यानं सांगितलं. काही आम्ही पाहिलेलं, बरंचसं आजीच्या तोंडून ऐकलेलं. खालचा मजकूर त्या रात्रीचा आहे. मी फक्त तो उतरवून काढला.

आमचं जुनं गाव पवनी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठचं. पणजोबा गावचे कोतवाल. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि गाव मालगुजाराचं. दवंडी देणं, साहेबाचं सामान वाहणं, रात्रीची गस्त ही कामं तर होतीच, पण आजीच्या बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा यायचा तो मयतीचा सांगावा. गावात कोणाच्या घरी माणूस गेलं की रात्री-बेरात्री हाक यायची आणि पणजोबा काठी-घोंगडं उचलून निघायचे. कोणाची लेक अड्याळला दिलेली, कोणाचा भाऊ कोंढ्याला, कोणाचे सोयरे थेट नदीपलीकडे लाखांदूरच्या बाजूला. सांगावा अंगणात उभं राहून द्यायचा, ओट्यावर चढायचं नाही. बारा-पंधरा मैल चालून आलेल्या माणसाला तहान लागायचीच. मग घरातलं कोणीतरी बाहेर येऊन हातभर उंचीवरून पाण्याची धार सोडायचं आणि पणजोबा खाली ओंजळ धरायचे. अर्धं पाणी कोपरावरून ओघळून जायचं. आजी ही गोष्ट सांगताना दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवायची. तिची ती ओंजळ आम्हा सगळ्यांना जशीच्या तशी आठवते.

म्हणजे गावातलं प्रत्येक मरण आमच्या घराच्या पायांनी गावोगाव पोचायचं. आमच्या घरात कोणी गेलं तर मात्र सांगावा नेणारं आमच्यातलंच कोणी. बाकी रीत चारचौघांसारखी. माती द्यायची, तेरवी करायची, भाताचे पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहायची. भादव्यात पितर जेवू घालायचे आणि अक्षय तृतीयेला त्यांच्यासाठी घागर भरायची.

ही घागर आजीच्या जिवाची होती. कुंभाराकडून कोरी घागर आणायची, गार पाण्यानं भरायची, वर आंबा ठेवायचा, शेजारी पुरणपोळी आणि चिचोणी. आजी त्या मोठ्या घागरीभोवती पाच छोटी गाडगीही मांडायची. तिची बाळंतपणं नऊ झाली, त्यातली चार लेकरं जगली. उरलेल्या पाचांची ती गाडगी. सहा महिन्यांच्या लेकराला पाणी किती लागणार, म्हणून गाडगी लहान.

त्या काळात पहिली लेकरं जात राहिली की पुढच्याला मुद्दाम हलकं नाव ठेवायचे. उकंडा, कचरू, धोंडू. जन्मलेलं पोर क्षणभर उकिरड्यावर ठेवायचं आणि कोणाचं तरी टाकलेलं उचलल्यासारखं घरात आणायचं. मरणाला वाटावं, हा माल आपल्या कामाचा नाही. आमच्या मोठ्या बाबांचं नाव यातलंच एक होतं. आमच्या घरात नाव ठेवायला बसायचे ते असं मरणाकडे चोरून पाहत.

मग १९५४ साल आलं. लोकसभेच्या भंडारा पोटनिवडणुकीला खुद्द बाबासाहेब उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा होता; सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब आठ हजारांवर मतांनी पडले. आबाजी, म्हणजे आमचे आजोबा, सांगायचे, निकाल कळला त्या रात्री आमच्या मोहल्ल्यात एकाही घरी चूल पेटली नाही. मयत झाल्यासारखी माणसं ओट्यावर बसून होती. पुढे कितीतरी वर्षं भंडाऱ्याचा विषय निघाला की आबाजी मान खाली घालायचे. "आपल्या जिल्ह्यानं पाडलं," एवढंच म्हणायचे. जिल्ह्याचं पाप त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून घेतलं होतं.

दोन वर्षांनी, १९५६ च्या दसऱ्याला, नागपूरला जायचं ठरलं. पवनी रोड स्टेशनापर्यंत पायी आणि तिथून नागभीड–नागपूर छोटी गाडी. पांढरे कपडे घालून या, असा निरोप होता. आबाजींचं धोतर पांढरंच होतं. प्रश्न आजीचा. सवाष्ण बाईनं पांढरं नेसायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं.

"नवरा जित्ता हाये न मी पांढरं नेसू?"

आबाजी म्हणाले, "नवा जलम घ्याले चाललो आपन. नव्या लेकराच्या अंगावर कोनता रंग रायते?"

आजीनं दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती पवनीच्या बाजारातून बिनकाठाचं पांढरं लुगडं घेऊन आली. गाडीच्या डब्यात पाहते तर सगळ्याच बायका पांढऱ्या. तिच्या शब्दांत, "सारा डबा रांडवायचा वाटे, न साऱ्या हासत होत्या."

१४ ऑक्टोबरच्या सकाळी भदंत चंद्रमणी महास्थविरांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी समोरच्या लाखो माणसांना. बावीस प्रतिज्ञा त्यांनी एकेक करून म्हणून घेतल्या. आजीला त्यातली सहावी शेवटपर्यंत लक्षात राहिली, कारण ती म्हणताना तिचा आवाज अडकला होता. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, असा तिचा आशय. आजूबाजूच्या बायकांनी म्हटलं, हिनंही म्हटलं. पण म्हणताना डोळ्यांपुढे ती पाच गाडगी होती.

पुढचे दिवस भराभर गेले. १ नोव्हेंबरला भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब गेले. दीक्षेला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. सात आठवड्यांत धर्म बदलला, राज्य बदललं आणि वाट दाखवणारा माणूस निघून गेला. जुनी रीत टाकून आलो होतो आणि नवी कोणी शिकवायची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आबाजी म्हणायचे, "घर पाडलं, न पावसारा लागला."

त्या उघड्यावरच्या दिवसांत आमच्या घरातलं पहिलं मरण झालं ते पणजोबांचं, १९५८ च्या पावसाळ्यात. गावोगाव मयतीचे सांगावे नेणारा माणूस ओसरीवर निजला होता आणि पुढे काय करायचं ते कोणाला कळत नव्हतं. जोशी बोलवायचा नव्हता, पिंड करायचे नव्हते. कोणीतरी सांगितलं, आसगावकडच्या एका गुरुजींकडे पालीतल्या गाथांची पुस्तिका आहे. माझे बाबा तेव्हा बावीस वर्षांचे. ते सायकलीवर चिखल तुडवत गेले आणि गुरुजींना मागे बसवून घेऊन आले. पुस्तिका भिजली होती, पानं एकमेकांना चिकटली होती. गुरुजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, लोकांनी मागून म्हटलं. मग जे पान सुटून आलं त्यावरच्या गाथा त्यांनी खड्या आवाजात म्हटल्या. आठच्या आठ. सगळे हात जोडून उभे. आबाजींना त्या आवाजानं मोठा धीर आला.

दोन वर्षांनी भंडाऱ्याला एका लग्नात नवरा-नवरीसमोर त्याच आठ गाथा सुरू झाल्या. ती जयमंगल अष्टगाथा होती, आपल्याकडे लग्नात म्हणतात ती. आबाजींनी आजीकडे पाहिलं. आजी पदर तोंडाला लावून पुटपुटली, "म्हाताऱ्याचं दुसरं लगन लावून देल्लं आपन!" ही गोष्ट आमच्या घरात शंभर वेळा सांगून झाली असेल. हसून झालं की आबाजी दरवेळी एकच जोड द्यायचे, "गाथा चुकली, पन मानसं त बरोबर उभी होती."

त्या पिढीचं सगळं शहाणपण मला या वाक्यात दिसतं. भिक्खू थोडे आणि गावं हजारो. पण दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरच्या भाषणात, बाबासाहेब सांगून गेले होते की प्रत्येक बौद्धाला दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार आहे. दीक्षा देता येते, तर नाव ठेवता का येऊ नये आणि निरोप देता का येऊ नये? त्यांनीच १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेनं पुढे गावोगावच्या साध्या माणसांना बौद्धाचार्य म्हणून तयार केलं. शाळामास्तर, एसटीचे वाहक, बिडी कारखान्यातले मुकादम. बाबा त्यांतलेच एक झाले. रात्री कंदिलापाशी ते पाली उच्चार घोकायचे आणि आजी चुलीपाशी बसून त्यांच्याआधी पाठ करून टाकायची. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिचं अडत नव्हतं.

हळूहळू रीत बसली. माणूस गेलं की गावकरी जमतात, त्रिशरण-पंचशील होतं, अनित्यतेच्या गाथा होतात. मग पुढच्या दिवसांत घरी किंवा विहारात जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्याच्या नावानं काही चांगलं करायचं आणि जमलेल्यांनी त्याला मनापासून साथ द्यायची. कोणी विहाराला दान देतं, कोणी शाळेतल्या पोरांना वह्या, कोणी झाड लावतं. बोलायला कोणालाही उठता येतं. आमच्या आबाजींच्या वेळी त्यांच्याशी धुऱ्यावरून वीस वर्षं भांडलेला शेजारी उठला होता. "चार बोटं जागा त्याचीच होती," एवढं बोलून खाली बसला.

बाबांनी या सगळ्याची एक वही ठेवली होती. लाल कापडी पाठीची, हिशेबाची. तीत मरणाचं वेगळं पान नाही आणि जन्माचंही नाही. तारखेप्रमाणे एका खाली एक नोंदी. पणजीचं पुण्यानुमोदन, विहारास दान पाच रुपये. त्याखाली काकाजींच्या थोरलीचं नामकरण, दान दोन रुपये, खीर. त्याखाली कोणाचं जलदान, त्याखाली कोणाचं नाव. कुठे शाईचा डाग, कुठे हळदीचा.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं पवनीला जगन्नाथाच्या टेकडीवर खोदकाम केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप निघाला, कठड्याचे कोरीव दगड निघाले. आबाजी आम्हा लहानग्यांना बैलगाडीत घालून पाहायला घेऊन गेले होते. तिथल्या एका शिकलेल्या माणसानं सांगितलं की दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात बायकाही आहेत. आजी दगडाशी वाकून ती अक्षरं बोटानं चाचपत म्हणाली, "त्याइनंबी वही ठेवली व!" आम्ही मुलांनी पवनी पाहिली ती अशी, कोणाच्या तरी घरच्या वहीसारखी.

आता घागरीचं.

दीक्षेनंतर पहिल्या अक्षय तृतीयेला आजीनं घागर आणली नाही. दुसऱ्या वर्षी आणली, पण गुपचूप. गोठ्यात, गव्हाणीच्या मागे, मोठी एक आणि पाच लहान. आत्यानं पाहिलं आणि ती काही बोलली नाही. तिसऱ्या वर्षी बाबांनी पाहिलं. बाबा तेव्हा नवेनवे बौद्धाचार्य आणि आईच्याच गोठ्यात पितरांची घागर! मोठा वाद झाला. बाबा प्रतिज्ञेची आठवण देत होते आणि आजी गप्प बसून होती. शेवटी ती उठली. मोठी घागर काखेत घेतली आणि रस्त्यावरच्या कडुनिंबाखाली नेऊन ठेवली. पाच गाडगी तिनं परत आणली नाहीत. तीही झाडाखाली ओळीनं मांडली, पाणी प्यायला.

बाबांना म्हणाली, "मेल्यायले पानी नोको देऊ म्हनता. बरं. जित्यायले त देऊ ना?"

बाबांकडे उत्तर नव्हतं. जरा वेळानं ते एवढंच म्हणाले, "मंग आज कायले? बुद्ध पौर्णिमेले ठेव." अक्षय तृतीया वैशाख शुद्ध तीजेला, बुद्ध पौर्णिमा त्यानंतर बारा दिवसांनी. आजीनं बारा दिवसांचा हा सौदा मान्य केला. पुढच्या वर्षापासून आमची घागर बुद्ध पौर्णिमेला कडुनिंबाखाली लागायची आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत तिथेच असायची. भंडाऱ्याचा उन्हाळा ज्यानं सोसला आहे त्याला त्या घागरीची किंमत सांगायला नको. बाजाराला जाणारे, धिवरांच्या बायका, मोहफुलं वेचून येणारे, सगळे थांबायचे. सुरुवातीला काही जण पाणी कोणाचं ते विचारून पुढे जायचे. आजी ओट्यावरून पाहायची, बोलायची नाही. पुढे तेही थांबू लागले. उन्हानं जात विसरायला लावली असावी. आजी कोणालाही वरून धार सोडून पाणी देत नसे. गाडगं भरायची आणि हातात द्यायची.

त्या पाच गाडग्यांचं काय, हे तिला एकदा मी विचारलं होतं. मी आठवीत असेन. ती म्हणाली, "थेच होत. कोनाच्या ना कोनाच्या तोंडाले लागतेत."

मरणाकडची रीत अशी बदलत होती, तसं पाळण्याकडेही बदललं. हलकी नावं गेली. मोठे बाबा स्वतः हलक्या नावाचे, पण त्यांनी आपल्या पाचही लेकरांची नावं निवडताना हट्टच धरला. आमच्या पिढीत घरोघर गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा, महामाया, संघमित्रा झाल्या. एका वर्गात चार राहुल आणि तीन सुजाता, हजेरी घेताना मास्तरांची फजिती. पुढच्या पिढीत प्रज्ञा, करुणा, मैत्री आल्या. आता नेटवरून शोधलेली पाली नावं येतात, ती म्हणताना आजीची जीभ वळली नसती. पण आमच्या घरातल्या कुठल्याही लेकराचं नाव १९५६ नंतर मरणाला चकवायला ठेवलं गेलं नाही.

नामकरणाचा विधी अगदी साधा. पाटावर पांढरं वस्त्र, त्यावर बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं. आई लेकराला मांडीवर घेऊन बसते. सगळे मिळून त्रिशरण-पंचशील म्हणतात. बाळाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वाट्याचं आपण म्हणायचं. मग कोणीतरी मोठं माणूस नाव उच्चारतं, सगळे मिळून ते म्हणतात आणि तीनदा साधुकार होतो. मनगटाला परित्राणाचा पांढरा दोरा. चिन्नोर तांदळाची खीर, तिचं बोट बाळाच्या ओठाला. बायका पाळणा गातात. आमच्या आत्यानं रचलेला एक पाळणा मोहल्ल्यात बरीच वर्षं चालला. आत्या पुढे नामकरणाचे विधीही चालवू लागली. सुरुवातीला दोघा-चौघांनी भुवया उंचावल्या. आजी म्हणाली, "पोट्टं बाईनं पैदा कराचं, नाव ठेवाले मात्र मानूस पायजे?" विषय संपला.

आणि ते दीक्षेचं पांढरं लुगडं? दुसऱ्या कोणी असतं तर ते पेटीत डांबरगोळ्या घालून जपलं असतं. आजीनं ते नेसून नेसून मऊ केलं आणि मग फाडून त्याची बाळोती केली. मी, माझा भाऊ आणि चार चुलत भावंडं त्यात गुंडाळली गेलो. त्या ऐतिहासिक वस्त्रावर आम्ही काय केलं ते सांगायला नको. बाबा हळहळायचे. आजी म्हणायची, नव्या जन्माचं कापड होतं, नव्या जन्मालाच लागलं.

आजी १९९१ च्या हिवाळ्यात गेली. जलदानाच्या दिवशी पितळेचा तांब्या, खाली ताट, ताटात वाटी. घरच्यांनी तांब्याला हात लावायचा, ज्यांचा पोचत नाही त्यांनी पुढच्याच्या खांद्याला आणि गाथा चालू असताना पाणी सावकाश वाटीत ओतायचं. वाटी भरते, पाणी काठावरून ताटात ओसंडतं. भरलेल्या नद्या समुद्राला भरतात, तसं इथं केलेलं पुण्य गेलेल्यांना पोचो, असा भाव. जुन्या रीतीत पाणी सोडायचा मान मुलाचा. त्या दिवशी बाबांनी तांब्या आत्याच्या हातात दिला. आत्या ओतत होती आणि तिच्या मागे खांद्याला खांदा लावून आम्ही तीसेक माणसं. पाणी ताटात पडू लागलं तसे बाबा, जे इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी न अडखळता गाथा म्हणत आले, ते थांबले. आम्ही सगळ्यांनी पुढची म्हटली. मला वाटतं त्यांना तेव्हा गोठ्यातली घागर आठवली असावी. आजीशी पाण्यावरून भांडलेला मुलगा पाण्यानंच तिला निरोप देत होता. ताटातलं पाणी त्यांनी उचललं आणि स्वतः नेऊन कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं.

गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. त्यानंतर कितीतरी वर्षं गावाला उठावं लागणार एवढंच ऐकत होतो. मग एक दिवस खरंच उठलो. मोबदल्याच्या कागदांसाठी कोणत्या दारात किती खेटे घातले तो वेगळा लेख होईल. घर, विहार, कडुनिंब आणि नदीकाठची ती जागा, जिथे पणजोबांना, आबाजींना, आजीला माती दिली, सगळं पाण्याखाली गेलं. सोडायच्या आधल्या संध्याकाळी सगळा मोहल्ला त्या काठावर जमला. बाबा थकले होते, त्यांना खुर्चीत बसवून नेलं. वंदना झाली, प्रत्येक घरानं आपापल्या माणसांची नावं मोठ्यानं घेतली आणि नावं संपायला अंधार पडला. फुलं वाहायला आता जागा नाही. म्हणून विहारात एकत्र बसणं, नावं घेणं, हेच आमचं ठिकाण झालं.

२९ सप्टेंबर २००६ ला आमच्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, खैरलांजी घडलं. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. त्या वर्षी दीक्षेला पन्नास वर्षं होत होती, गावोगाव सुवर्णमहोत्सवाची तयारी चालली होती. आमच्या विहारात त्यांचं पुण्यानुमोदन झालं. रक्ताचं नातं नसलेल्या चार माणसांची नोंद बाबांनी त्या रात्री वहीत केली. त्या पानावर दानाचा आकडा नाही, शेरा नाही, फक्त चार नावं आणि तारीख.

नव्या गावठाणात नवा विहार झाला. वर्षावासात रोज संध्याकाळी तिथे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. बाबा गेल्यावर वही काकाजींकडे गेली, काकाजींकडून मोठ्या आईनं मागून घेतली. मोठी आई साठाव्या वर्षी प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षर शिकली होती. वहीच्या शेवटच्या काही पानांवर तिचं मोठंमोठं, ओळीबाहेर जाणारं अक्षर आहे. तिनंच सांगून ठेवलं होतं, माझ्यासाठी वेगळा खर्च करू नका, घरात लेकरू आलं की त्याच्या नावासोबत माझं नाव घ्या. म्हणून गेल्या वैशाखातले ते दोन कार्यक्रम एका मांडवात झाले.

सकाळी जलदान झालं. लगेच तिथेच, त्याच सतरंजीवर, पणतीला मांडीवर घेऊन नातसून बसली. त्रिशरण-पंचशील पुन्हा म्हटलं नाही. एकदा म्हटलेलं दोघींना पुरलं. नाव ठेवलं, साधुकार झाला, खीर झाली. मोठ्या आईची आठवण सांगताना रडणाऱ्या आतेबहिणीच्याच मांडीवर नंतर ती नवी पोरगी झोपली. वहीत नोंद एकच झाली, दोन ओळींची.

संध्याकाळी मंडपवाला आवराआवर करायला आला. सतरंज्या गुंडाळल्या, भांडी मोजली, खुर्च्या टेम्पोत चढवल्या. फाटकाबाहेर, नव्यानं लावलेल्या आणि अजून सावली न देणाऱ्या कडुनिंबाच्या रोपाशेजारी, तिवईवर घागर होती आणि बाजूला पाच लहान गाडगी. त्याला ती कार्यक्रमाचीच वाटली. एक गाडगं उचलत म्हणाला, "हे बी नेऊ का भाऊ?"

"नको," भाऊ म्हणाला. "थे मिरगापर्यंत रायते."

मंडपवाल्यानं हातातलं गाडगं घागरीत बुडवलं, घटाघटा प्यायला आणि पालथं करून ओळीत ठेवून दिलं.